अण्णांचा स्वभाव बदललेला नाही, गोळी बदलली आहे

*डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.*

*आम्ही देवगड तालुक्यातले. हापूसची सव्वाशे कलमं आहेत. माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, वय 66. सहा वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला, कोल्हापूरला दाखवलं, पार्किन्सन्स निघाला. गोळ्यांवर बरे होते. गेल्या गणपतीच्या आधी डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली, दिवाळीनंतर तिचा डोस वाढवला. चालणं खूपच सुधारलं, पण माणूसच बदलला. जन्मात पत्त्यांना हात न लावलेले अण्णा मार्गशीर्षात जत्रेला गेले आणि पहाटेपर्यंत अंदर-बाहरच्या पटावर बसले. आता रोज मटक्याचा आकडा लावतात. वाशीच्या बाजारातून आंब्याच्या पैशांची पट्टी आली, त्यातले 1,80,000 रुपये कुठे गेले ते सांगत नाहीत. रात्री दोनला उठून पाण्याच्या पंपाची मोटर खोलतात, नट-बोल्ट पुसून ओळीने मांडतात, पुन्हा बसवतात. आणखी एक गोष्ट आहे, ती पत्रात लिहिता येत नाही. सासूबाई रडतात. आमचे हे अण्णांशी बोलत नाहीत. भावकी म्हणते, म्हाताऱ्याक चळ लागलो, देवाक कौल लावा. एक वैद्य म्हणतात, इंग्रजी गोळ्या बंद करून कुयलीच्या बियांचं चूर्ण द्या. मुलगा रत्नागिरीला कॉलेजात आहे, तो म्हणतो हे सगळं डोपामिनमुळे, आजोबांना डोपामिन डिटॉक्स करायला लावा. डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल ना? मग गोळीतून ते मिळत असताना अण्णा सुखी का दिसत नाहीत? आम्ही काय करावं?*

*— एक सून*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन तीन ठिकाणी रेघ मारली. गणपतीच्या आधी नवी गोळी. दिवाळीनंतर डोस वाढला. मार्गशीर्षात जत्रा. तुम्ही हा क्रम ओघात लिहून गेलात, पण मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या क्रमातच आहे.

आज करायचं ते आधी सांगते. अण्णांची चिठ्ठी काढा आणि नव्या गोळीचं नाव बघा. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असेल, त्याच्याखाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. तिथे प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल लिहिलेलं दिसलं, तर ज्या न्यूरॉलॉजिस्टनी ती दिली त्यांच्याकडे उद्याच फोन लावा. पुढच्या तारखेची वाट बघू नका. फोनवर एवढंच सांगा: ही गोळी सुरू झाल्यापासून जुगार सुरू झालाय, पैसे जातायत, रात्री झोप नाही. कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला पुढचं सांगावं लागत नाही.

आणि तोवर एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. नवीही नाही, जुनी तर मुळीच नाही. जुनी गोळी एकदम बंद झाली तर अंग लाकडासारखं आखडून जबर ताप चढू शकतो, ते जिवावर बेतू शकतं. नवी एकदम बंद केली तर घाबरं होणं, दरदरून घाम, टोकाची उदासी येते, आणि अशा वेळी माणूस स्वतःच ती गोळी पुन्हा मागायला लागतो. ती उतरवायची ती पायरीपायरीने, डॉक्टरांच्या हाताने.

माझ्यासमोर अण्णा नाहीत, त्यामुळे हेच कारण असं मी पत्रावरून छातीठोक सांगणार नाही. पण ज्या माणसाने साठ-पासष्ट वर्षं पत्त्यांना हात लावला नाही त्याला गोळीचा डोस वाढल्यावर महिन्याभरात जुगाराची ओढ लागते, रात्री दोनला मोटर खोलावीशी वाटते, आणि ती न लिहिता येणारी गोष्टही त्याच सुमाराला सुरू होते, तेव्हा डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव गोळीचंच यायला हवं. 2010 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 पार्किन्सन्सच्या रुग्णांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. जुगार, बेसुमार खरेदी, खा-खा सुटणं, कामवासना अनावर होणं, यातला एकतरी त्रास प्रॅमिपेक्सोल-रोपिनिरोलच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना होता. न घेणाऱ्यांत तो 7 टक्क्यांना होता. म्हणजे गोळ्या घेणाऱ्या साधारण सहा जणांत एक. तुमचं घर एकटं नाही. फरक इतकाच की बाकीची घरं गप्प बसतात.

आता तुमचा प्रश्न. डोपामिन आनंदाचं केमिकल असेल तर अण्णा सुखी का नाहीत?

मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्यात डोपामिन तयार करणाऱ्या फार थोड्या, काही लाखच, आणि बहुतेक मेंदूच्या मधल्या भागात, तळाकडे एकवटलेल्या. त्यातल्या एका पट्ट्याचं नाव सबस्टँशिया नायग्रा, म्हणजे काळा भाग. तो खरोखरच काळा दिसतो, पेशींत रंगद्रव्य साठलेलं असतं म्हणून. मी शिकत असताना आमच्या बाईंनी काचेच्या दोन बरण्या शेजारी ठेवल्या होत्या. एकीत निरोगी मेंदूचा काप, त्यात काजळाची बोटं ओढल्यासारख्या दोन रेघा. दुसरीत पार्किन्सन्सच्या रुग्णाचा काप, तिथे रेघा जवळजवळ पुसल्या गेलेल्या. बाईंनी काही समजावलं नाही, फक्त बरण्या सरकवल्या. अण्णांचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा त्यांच्या त्या रेघेतल्या निम्म्याच्या आसपास पेशी आधीच गेल्या होत्या. कधीतरी त्यांना विचारून बघा, हात थरथरायच्या कितीतरी आधी आढीतल्या आंब्याचा वास येईनासा झाला होता का. पुष्कळांची वासाची जाण आधी जाते, आणि आंबेवाल्या घरात ते लक्षात यायला हवं, पण सर्दी म्हणून सोडून देतात.

या काळ्या पट्ट्यातून निघणारं डोपामिन हालचालीच्या केंद्राकडे जातं. पाऊल उचलणं, सदऱ्याचं बटण लावणं, हसू चेहऱ्यावर येणं, सगळं त्यावर चालतं. शेजारच्याच पेशींतून दुसरी वाट निघते, ती ओढीच्या केंद्राकडे जाते. अमुक मिळवावं, तमुक करावं, उठावं, जावं, असं आतून जे वाटतं ते तिथलं. अण्णांची पहिली वाट कोरडी पडली आहे. दुसरी तितकी नाही. गोळी मात्र रक्तातून सगळीकडे जाते. सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी सोडलं की तहानलेल्या आळ्यातही जातं आणि आधीच भरलेल्या आळ्यातही. चालणं सुधारलं ते पहिल्या आळ्यामुळे, जत्रेचा पट दिसला तो दुसऱ्यामुळे. शिवाय ही नवी गोळी डोपामिन नव्हे, त्याची नक्कल आहे, त्याच कुलपाला लागणारी दुसरी किल्ली. आणि ज्या कुलपांना ती जास्त घट्ट बसते ती ओढीच्या केंद्रातच दाटीने आहेत.

ओढ म्हणजे आनंद नव्हे, हे आपल्या भाषेला केव्हापासून ठाऊक आहे. ओढ वेगळी, गोडी वेगळी. दारूड्याला दारूची ओढ असते, गोडी कधीच संपलेली असते. केंट बेरिज या अमेरिकन संशोधकाने उंदरांवर हेच दाखवलं. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवल्यावर उंदीर अन्नाकडे जाईनात. समोर अन्न असून उपाशी राहिले असते, भरवून जगवावे लागले. पण त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडलं की पहिल्यासारख्याच मिटक्या मारत. गोडी शाबूत, ओढ गेली. अण्णांचं नेमकं उलट झालंय. आकडा लावायची ओढ प्रचंड, आणि लागला तरी त्यात रस नाही. म्हणून ते सुखी दिसत नाहीत, ताई. ते सुखासाठी खेळतच नाहीयेत.

मग हरल्यावर तरी माणूस थांबायला हवा ना? मला वाटतं तुमच्या यजमानांना हेच सर्वांत जास्त झोंबत असेल, की वडील हरतायत, दिसतंय, तरी थांबत नाहीत. त्यांना पुढचं वाचायला द्या.

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचा ठोका मोजला. फळांच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की पेशी जोरात ठोके द्यायच्या. आधी दिवा लागतो आणि मग रस येतो हे माकडाला कळलं, तसा ठोका रसावरून दिव्यावर सरकला. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर ज्या क्षणी यायला हवा होता नेमका त्याच क्षणी ठोका चुकला. तो चुकलेला ठोका म्हणजे आपल्याला बसणारा चटका. 'अरे, फसलो,' हे मेंदू तिथून शिकतो. याच गटाने 2003 मध्ये दाखवलं की बक्षीस मिळेल की नाही हे निम्मं-निम्मं असतं तेव्हा वाट बघण्याच्या वेळात या पेशी सर्वांत जास्त जाग्या असतात. मटका, लॉटरी, अंदर-बाहर, सगळे याच वाट बघण्यावर चालतात. निकालापेक्षा निकालाच्या आधीचा तास विकला जातो.

गोळी घेणाऱ्याच्या मेंदूत किल्ली कुलपात सतत फिरवलेलीच असते. हरल्यावर ठोका चुकला तरी कुलूप उघडंच राहतं. 2004 मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हे दिसलंही: गोळीचा असर उतरलेला असताना रुग्ण चुकांतून जास्त शिकत होते, गोळीचा असर असताना बक्षिसातून जास्त आणि तोट्यातून कमी. म्हणजे अण्णांना लागलेला आकडा लक्षात राहतो आणि गेलेले पैसे पोचतच नाहीत. तुम्ही त्यांना 1,80,000 चा हिशेब वाचून दाखवला तर ते मान खाली घालतील, लाजही वाटेल, आणि संध्याकाळी पुन्हा आकडा लावतील. हिशेब समजत नाही असं नाही. ज्या जागी तो चटका बसायचा ती जागा बधिर झाली आहे.

मोटरचं मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तांडेल यायचे, पार्किन्सन्सचे. त्यांच्या मुलीने सांगितलं, बाबा रात्रभर ओट्यावर जाळं घेऊन बसतात. शिशाचे मणी सोडवतात, आकाराप्रमाणे लावतात, पुन्हा ओवतात, पुन्हा सोडवतात. जाळं कुठेही फाटलेलं नव्हतं. मी म्हटलं, समुद्रावर जायला मिळत नाही, हात गुंतवतायत बिचारे, करू द्या. आणि गोळीकडे बघितलं नाही. पुढे बोटांना चिरा पडल्या, जेवायला हाक मारली तरी उठेनात, अडवलं तर अंगावर यायचे. तेव्हा कुठे मी औषधाची चिठ्ठी पुन्हा उघडली. एखादी ओळखीची, हातात बसलेली कृती उगाचच तासन्‌तास करत राहणं, याचं वैद्यकात वेगळं नाव आहे, आणि ते गोळ्यांमुळे होतं. ज्याचा जो धंदा, तीच कृती बाहेर येते. तांडेलाचं जाळं, अण्णांची मोटर. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली. म्हणून तुम्हाला सांगते, डॉक्टरांना जुगाराबरोबर मोटरचंही सांगा. घरच्यांना ती किरकोळ वाटते, डॉक्टरला निदानाला फार उपयोगी पडते.

आणि जी गोष्ट पत्रात लिहिता येत नाही असं तुम्ही म्हणता, ती मला कळली. सासूबाईंना सांगा, हाही त्याच गोळीचा भाग असू शकतो, आणि तो इतका नेहमीचा आहे की तपासताना आम्ही स्वतःहून विचारायला हवा. या वयात त्यांना नवऱ्याची किळस वाटत असेल आणि त्या वाटण्याची त्यांना लाजही वाटत असेल. दोन्हींचं ओझं त्यांनी घ्यायचं कारण नाही. तोवर त्यांनी वेगळ्या खोलीत झोपावं, तुम्ही किंवा नातेवाईक बाई सोबत असावी, आणि नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, गोळीचं कारण असलं तरी. डॉक्टरांसमोर बोलायला जीभ रेटली नाही तर कागदावर दोन ओळी लिहून तो कागद अण्णांच्या फाइलमध्ये वर ठेवा. पुष्कळ घरं असंच करतात.

आता कुयली. तुमचे वैद्य अडाणी नाहीत, हे आधी म्हणते. शेंगेला हात लागला तर दिवसभर खाजवत बसावं लागतं ती ही रानातली खाजकुयली. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं. हे 1937 मध्ये भारतीय संशोधकांनीच शोधून प्रसिद्ध केलं. आणि लेव्होडोपा म्हणजे अण्णांच्या जुन्या गोळीतलं तेच औषध. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे, डोपामिन तिच्यातून आत जात नाही, लेव्होडोपा जातं आणि आत जाऊन त्याचं डोपामिन होतं. म्हणून तर ते द्यायचं. पण गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं, चूर्णाच्या चमच्यात किती आहे ते कुणीच सांगू शकत नाही. बी कुठली, भाजली किती, कधी दळली, यावर ते बदलतं. गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा असतं, ते औषधाला वाटेतच, मेंदूबाहेर, डोपामिन होऊ देत नाही. चूर्णात ते नाही, म्हणून मळमळ, उलटी, बीपी उतरणं. आणि गोळी चालू ठेवून वर चूर्ण दिलंत तर भरलेल्या आळ्यात आणखी घागर ओतल्यासारखं होईल. गोळ्या बंद करून चूर्ण, हे तर नकोच.

रानातल्या औषधांची थोरवी मला मान्य आहे, आणि डोपामिनच्या गोष्टीत तर ती जास्तच. सर्पगंधा आपल्याकडच्या रानात होते. रक्तदाबावर ती किती चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात लिहिलं आणि जगभरचे डॉक्टर तिच्यामागे लागले. 1952 मध्ये तिच्यातलं रिसर्पिन वेगळं केलं गेलं. मग स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी 1957 च्या सुमारास सशांना रिसर्पिन टोचलं. ससे कान पाडून निपचित पडले, हलेनात. त्यांना लेव्होडोपा टोचल्यावर थोड्याच वेळात कान उभे, ससे चालू लागले. रिसर्पिनने मेंदूतलं डोपामिन रिकामं केलं होतं, लेव्होडोपाने ते भरलं. तोवर डोपामिनला स्वतःचं काही काम आहे असं कुणी धरतच नव्हतं. दोनतीन वर्षांत व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकिविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन जवळजवळ नाही हे दाखवलं, आणि 1961 मध्ये पहिल्या रुग्णांना लेव्होडोपा टोचलं गेलं. कार्लसनना 2000 चं नोबेल मिळालं. एक रानवेल आणि एक रानमुळी, एकीत डोपामिन भरायचं औषध, दुसरीत रिकामं करायचं. म्हणून आणखी एक सांगून ठेवते: बीपीसाठी कुणी सर्पगंधा असलेलं चूर्ण किंवा वटी दिली तर ती अण्णांना चालणार नाही.

असंच गावात नेहमी घडणारं दुसरं. अण्णांना उलटी झाली किंवा चक्कर आली की तुम्ही जवळच्या दवाखान्यात न्याल. उलटीच्या जागी डोपामिनच काम करतं, म्हणून उलटीची काही औषधं डोपामिन अडवूनच उलटी थांबवतात, आणि ती मेंदूत शिरली की पार्किन्सन्स एका रात्रीत वाढतो. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, 'ही नकोत' असं वर लिहा आणि कागद अण्णांच्या पाकिटात ठेवा. डॉम्पेरिडोन बहुतेक मेंदूबाहेरच राहतं, त्याचा पर्याय डॉक्टर निवडू शकतात.

जेवणाचंही विचारायचं राहिलं असेल. लेव्होडोपा आतड्यातून आत जाताना त्याच दारातून प्रथिनंही जातात आणि दारात गर्दी होते. मासे बंद करायचे नाहीत, कोकणातल्या माणसाचे मासे बंद करून काय साधणार! गोळी बांगड्याच्या जेवणाबरोबर न घेता अर्धा ते पाऊण तास आधी घ्यायची, एवढंच. जुन्या गोळीचा असर दुपारी कमी पडतो असं अण्णा म्हणत असतील तर आधी हे करून बघा. कारण नवी गोळी उतरवली की जुनीवरच जास्त भार येणार आहे, आणि ती पुरती लागू पडायला हवी. नवी गोळी चालू आहे तोवर त्यांना स्कूटर देऊ नका आणि झाडावर चढू देऊ नका. या गोळ्यांनी बसल्या बसल्या झोप लागते, उठताना बीपी उतरतं.

पैशांचं. हे अण्णांना अंधारात ठेवून करू नका, नाहीतर घरात दुसरं भांडण लागेल. सकाळी, गोळी लागू पडलेली असते आणि ते शांत असतात तेव्हा, त्यांच्याशी बोलून करा. खात्यावर दोघांची सही असू दे, फोनवरून पैसे पाठवायची सोय काढून टाका, वाशीच्या दलालाला सांगून पुढची पट्टी यजमानांच्या खात्यावर घ्या, सातबारा आणि बाकीची कागदपत्रं जरा दुसरीकडे ठेवा. खिशात रोजचे चहापाण्याचे पैसे असलेच पाहिजेत. सव्वाशे कलमं ज्याने वाढवली त्याला चहाला पैसे मागायला लावू नका. गावात कुणाकडून उसने घेतलेत का याची चौकशी यजमानांनी हळू आवाजात करावी. लोक सांगतील, त्यांनाही पैसे परत हवे असतात.

गोळी उतरली की लगेच सगळं जागेवर येत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत निवळतं. त्या काळात चालणं थोडं मागे जाईल आणि अण्णा म्हणतील, ती गोळीच बरी होती. तेव्हा घरात कुणी 'बघा, डॉक्टरांनी वाट लावली' असं म्हणू नये. त्यांनी गोळी चुकीची दिली असं मी मानत नाही. ती चांगली गोळी आहे, अण्णांना चालतं केलं तिने. पण सुरू करताना घरच्यांना बाजूला घेऊन 'असं असं होऊ शकतं, दिसलं तर लगेच कळवा' हे सांगायला हवं होतं. ते दोन मिनिटांचं काम राहून गेलं, आणि त्याची किंमत तुमच्या घराने मोजली. मला याचा राग येतो.

नातवाला सांगा, डोपामिनचं नाव बरोबर घेतलंस, उपाय मात्र चुकला. डोपामिन टाकीसारखं भरत-सांडत नाही. मोबाइल बाजूला ठेवल्याने ते उपाशी राहत नाही की शुद्ध होत नाही. रात्रीचा मोबाइल कमी करणं चांगलंच, पण ती सवयीची गोष्ट झाली. आणि ज्या आजोबांच्या मेंदूत ते मुळातच संपत आलंय त्यांना उपास कसला करायला सांगायचा? त्यापेक्षा सुट्टीत घरी आल्यावर त्याने एक वही करावी. डावीकडे गोळीची वेळ, उजवीकडे त्या वेळी आजोबा काय करत होते: चालणं कसं, थरथर किती, आकडा लावायला कधी निघाले, रात्री कधी उठले. आठ दिवसांची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवलीत तर तासाभराच्या बोलण्याचं काम होईल.

भावकीला दुखवू नका. देवळात गाऱ्हाणं घालायचं तर खुशाल घाला, मीही घालते. फक्त गोळी बंद करू की नको याचा कौल मागू नका.

राहिले तुमचे यजमान. वडिलांशी अबोला धरून त्यांनाही झोप लागत नसेल. हे पत्र त्यांना वाचायला द्या आणि डॉक्टरांकडे अण्णांना त्यांनीच घेऊन जावं असं सुचवा. तिथे जायच्या आधी मटक्याचा विषय काढायचाच असेल तर एवढंच म्हणावं: 'अण्णा, नवी गोळी लागू पडली, पण तिचा त्रासही झालाय, विचारून येऊया.' चळ, भिकेला लावलंत, लोक काय म्हणतात, यातला एकही शब्द नको. आणि आज रात्री दोनला मोटर खोललीच, तर हातातून पाना ओढून घेऊ नका. शेजारी बसा, बॅटरी धरा, नट-बोल्ट हरवू देऊ नका, आणि तासाभराने चहा करून आत बोलवा.

फोन झाला की डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. पत्रात गोळीचं नाव आणि डोस लिहायला विसरू नका.